लहानूने फोन सोडला त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा लहानू होता. गावाचं नाव सांगत नाही. तुमचंच निघालं तर पंचाईत.

लहानूला एक बायको, एक म्हैस आणि एक फोन. बायको हौसा. म्हैस तिच्या माहेरची. आणि फोन लहानूचा, म्हणजे खरं तर लहानूच फोनचा. रोज पहाटे गावाच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' टाकल्याशिवाय तो चूळसुद्धा भरायचा नाही. हसू नका. तुमचा फोन कुठं आहे आत्ता?

एक दिवस तो फोनमध्ये डोकं घालून धार काढत होता. सगळं दूध चरवीऐवजी चपलेत गेलं.

हौसा कडाडली, "अहो, डोक्याला काही शांतता आहे का तुमच्या? हा फोन जातोय पेटीत. पुढच्या बाजारापर्यंत त्याला हात लावलात, तर मी चालले माहेरी. म्हैस घेऊन!"

"म्हैस कशाला?"

"बरं, मी गेले तर चालेल?"

"तसं नाही गं. दोघी राहा."

"मग नीट ऐका. वाजलं तरी उठायचं नाही. गप पडून राहायचं."

लहानू म्हणाला, "बरं."

दुपारी हौसा पाण्याला गेली. चुलखणाजवळच्या गॅसवर कुकर वाजला. लहानू गप पडून राहिला. कुकर शिट्ट्या मारून दमला. डाळीचा कोळसा झाला.

"अहो, ते फोनचं सांगितलं होतं! दुसरं काही वाजलं की उठावं, खाली उतरवावं, वरून गार पाणी ओतावं. मग गप होतं ते."

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेजारी लग्न होतं. ओट्यावर बसून सनईवाला गाल फुगवून वाजवत होता. लहानू उठला. त्याला बखोटीला धरून खाली उतरवलं आणि डोक्यावर कळशी ओतली.

सनईवाला गप झाला. कुकरपेक्षा लवकर झाला.

वऱ्हाडाने लहानूला घरापर्यंत पोचवलं. कसं पोचवलं ते विचारू नका.

हौसाने पाठीला हळद लावली. "अहो, गर्दीत आपलं डोकं चालवू नये. चार माणसं करतील ते करावं."

"बरं."

पुढच्या दिवशी चावडीपुढे दोन भाऊ बांधावरून एकमेकांना बुकलत होते. लहानूने ती दोन माणसं करत होती तेच केलं, थोरल्याला एक दिली, धाकट्याला एक दिली. दोघांचा तिथल्या तिथं समेट झाला. मग दोघांनी मिळून लहानूला धुतला.

हळद संपत आली होती. हौसा म्हणाली, "अहो, आधी विचारावं काय झालं. मारामारी असली तर घरी यावं. कुणी गेलं असलं तर टोपी काढावी, चांगले दोन शब्द बोलावे आणि खांदा द्यावा."

"बरं."

इकडे ग्रुपवर लहानूचं फूल येईना. पहिल्या दिवशी कुणी टाकलं, "लहानूभाऊ, तब्येत बरी ना?" दुसऱ्या दिवशी, "दवाखान्यात नेलाय म्हणे." बाजाराच्या आदल्या दिवशी त्याचा फोटो आला, हारासकट. भावपूर्ण श्रद्धांजली! साऱ्या गावाने हात जोडल्याची चित्रं पाठवली. उठून घरी बघायला कुणी आलं नाही. घर किती लांब? शिंकलं तरी ऐकू जाईल इतकं.

हौसाच्या भावानेही शेजारगावात तो फोटो बघितला. बहिणीला माहेरी न्यायला टेंपो घेऊन आला आणि आधी म्हैस सोडायला लागला.

लहानू वैरणीचा भारा घेऊन आला, तर दारात ही गर्दी, तिरडीही बांधून तयार. सगळ्यांच्या माना फोनमध्ये; तिरडीवर कुणी आहे का, ते कुणी बघितलं नाही. पण लहानू शिकलेला होता. त्याने आधी विचारलं, "काय झालं हो?"

कोंडिबा सुतार मान वर न करता म्हणाला, "लहानू गेला."

लहानूने भारा टाकला. टोपी काढली. डोळे भरून आले. "चांगला होता बिचारा. माझ्याशी तर कधी भांडला नाही."

तिरडी उचलली. लहानूने पुढून खांदा दिला.

"हलकी लागतेय रे," मागचा म्हणाला.

"फोन सोडल्यापासून वाळला होता म्हणे," पुढून लहानू म्हणाला.

तेवढ्यात हौसा धुणं घेऊन आली. पाटी पडली हातातली. "अहो! कुठं निघालात?"

"लहानूला पोचवून येतो."

"अहो, लहानू तुम्ही! काढा तो पेटीतला फोन, आणि टाका ग्रुपवर, जिवंत आहे म्हणून!"

लहानू गालात हसला. "मला फसवतेस होय? बाजार उद्या आहे. आज हात लावला की तू चाललीस माहेरी." मग मेव्हण्याकडे वळला. "पाव्हणं, म्हैस बांधा जागेवर. मी काही हरलेलो नाही."

खांदा हलका होता. डोकंही हलकं होतं. इतकी शांतता त्याला जन्मात लाभली नव्हती. वळणावरून त्याने हाक दिली,

"हौसा, पाणी तापत ठेव गं! माती उरकली की आंघोळ करून जेवायलाच बसतो!"