कणीक काढायची वेळ

“मग वार कोणते धरू, बुवा? रोज दोन्ही वेळा बसू, की सकाळ सोडून देऊ?”

मार्तंडबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या ओसरीवर बसून ते सुपारी कातरत होते.

विचारणारा श्रीरंग, बुवांचा शिष्य. याच ओसरीवर पखवाज शिकला, मग शहरात गेला, आणि आता फोनवरून लाइव्ह वाजवतो. गावोगावचे लोक घरबसल्या ऐकतात, वाहवा लिहून पाठवतात. बोलण्यात जरा मिजास आली होती, पण मुलगा गुणी. मी खांबाला टेकून भंडाऱ्याची तूरडाळ निवडत होतो, आणि कान त्यांच्याकडेच होते.

“लोकांना सवय लावावी लागते,” श्रीरंग म्हणाला. “ठरल्या वेळेला आपण दिसलोच पाहिजे. मागे ताप आला म्हणून बसलो नाही, तर निम्मे लोक निघून गेले.”

“कुठं गेले?”

“दुसऱ्याच्या लाइव्हला.”

“मग तिथं ऐकत असतील की.”

श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला काय कळतंय, असं ते बघणं होतं. मीही म्हाताराच आहे, हे त्याच्या लक्षात नसावं.

त्याने फोन बुवांच्या हातात दिला. आठवडाभराचं वेळापत्रक होतं त्यात. पहाटे रियाज, दुपारी शिकवणी, संध्याकाळी भजनाला साथ, रविवारी लोकांच्या शंकांना उत्तरं. रंगीबेरंगी चौकोन, एकाला एक चिकटलेले.

बुवांनी चष्मा लावला. वरून खाली बघितलं, मग खालून वर.

“यात कणीक काढायची वेळ कुठंय?”

“कणीक?” श्रीरंग हसला. “कणीक मी आता काढतच नाही, बुवा. ओलं फडकं बांधून ठेवतो. केव्हाही बसता येतं. रोज मळा, लावा, खरवडा... कोण करत बसणार?”

बुवांनी फोन खाली ठेवला.

पखवाजवाल्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या अंगाच्या कातड्याला, ओली कणीक थापतात. तेव्हा कुठे तो घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, कातडं पुसून कोरडं करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी कणीक. ती काढायची नाही म्हणजे उष्ट्या ताटातच रोज वाढून घ्यायचं. असं करणारा पखवाजी मी तोवर पाहिला नव्हता.

“आण बघू.”

श्रीरंगने पखवाज आणला आणि फडकं सोडलं. आंबूस वास ओसरीभर पसरला. कणीक काळी पडली होती, कडेने तडकली होती, आणि फटीतून हिरवी बुरशी दिसत होती.

हा पखवाज बुवांचा स्वतःचा. श्रीरंग शहरात निघाला तेव्हा त्यांनी तो त्याच्या खांद्यावर दिला होता. आता त्यांनी त्या पुडीवर तळवा ठेवला, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला फार वाईट वाटलं.

“पुडी बदलून घेईन मी,” श्रीरंग घाईघाईने म्हणाला. “दुकानात मिळते.”

“ती मिळंल...” बुवा म्हणाले. “काल तुझं ऐकलं. अंबादासच्या फोनवर.”

अंबादास म्हणजे मी. श्रीरंगचा चेहरा खुलला.

“कसं वाटलं, बुवा?”

“आवाज मोठा झालाय.”

“हो! नवा माइक घेतला ना.”

“हात बारीक झालाय.”

श्रीरंगने उजवा हात मांडीखाली घेतला. इतक्या सहज, की माझं लक्ष नसतं तर कळलंही नसतं.

“हाताला काही झालेलं नाही.”

“मी कुठं म्हटलं, झालंय म्हणून?”

...

ऊन उतरलं. श्रीरंग सारखा घड्याळ बघायला लागला.

“बुवा, माझी लाइव्हची वेळ झाली. आज इथूनच बसतो. लोकांना गुरू दाखवतो. माझ्याशेजारी नुसते बसा, बाकी काही नको.”

मला वाटलं, आता ऐकून घेतोय बेटा. बुवांना फोटोसुद्धा खपत नाही.

“बस,” बुवा म्हणाले. “पण कणीक ताजी लाव. मी भिजवून आणतो.”

मी उठायला लागलो, तर त्यांनी मलाही खाली बसवलं. स्वतः आत गेले, परातीत कणकेचा गोळा घेऊन आले. येताना ओसरीकडे न येता कुंपणाकडे वळले. बाभळीच्या फांदीपाशी थांबले, काहीतरी मोडलं आणि गोळ्यात दाबलं.

काटा! चांगला बोटाच्या पेराएवढा, पांढराशुभ्र काटा.

माझं तोंड उघडं पडलं. मी ओरडणार, तेवढ्यात बुवांनी माझ्याकडे पाहिलं. सुपातली डाळ माझ्या मांडीवर सांडली.

श्रीरंगने तोवर फोन स्टँडवर लावला होता, माइक जोडला होता, केसांवरून हात फिरवला होता. परात त्याच्यापुढे आली तेव्हा त्याने खाली बघितलंही नाही. त्याचे डोळे फोनवर होते.

“नमस्कार मंडळी! आज मी कुठे आहे, ओळखा बरं. माझ्या गुरूंच्या मठात! आणि आज तुम्हाला आपलं नवं वेळापत्रक सांगणार आहे...”

बोलता बोलता त्याने उजव्या हाताने कणीक मळायला घेतली.

आता ओरडेल, असं मला वाटलं. मी दात आवळून धरले.

“पहाटे रियाज. ज्यांना लवकर उठायची सवय आहे, त्यांच्यासाठी...”

आता ओरडेल.

“दुपारी नवशिक्यांसाठी शिकवणी. आणि संध्याकाळी तर आपली भेट ठरलेलीच...”

तो ओरडला नाही.

मूठ दाबली जात होती, उघडत होती, पुन्हा दाबली जात होती. तोंड हसत होतं. बुवा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि बुवांचा रंग उतरत चालला होता. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की हा ओरडेल. त्यांची तीच आशा होती, हे मला फार उशिरा कळलं.

परातीतली कणीक गुलाबी व्हायला लागली.

“बघा, आज कमेंट किती येताहेत!” श्रीरंग खूश झाला आणि वाचायला लागला. “‘दादा, कणकेत कुंकू घातलंय का?’ ... नाही हो! साधं गव्हाचं पीठ. आणखी कुणी विचारतंय... ‘दादा, लाल कशी झाली?’ लाल? ... ‘दादा, हात बघा.’ ‘हात बघा आधी.’ ‘अहो, रक्त...’”

तो वाचायचा थांबला.

मग त्याने खाली पाहिलं.

काटा मधल्या बोटाच्या पेरात मुळापर्यंत रुतला होता. कणीक, मनगट, परातीची कड, सगळं लाल. त्याने हात वर धरला आणि उलटासुलटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता.

“मला...” तो म्हणाला. “मला काही...”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“कधीपासून?” बुवांनी विचारलं.

श्रीरंगने हात खाली घेतला.

“श्रीरंग.”

“दिवाळीपासून.” त्याने करंगळी दाखवली. “आधी करंगळी बधिर झाली. मग ही दोन बोटं. डॉक्टर म्हणाले, नस दबलीय. हात थांबवा, नाहीतर कायमचा जाईल.”

“मग?”

“मी माइक वाढवला, बुवा.”

पखवाज आडवा पडला होता, आणि फोनवर कमेंट भराभरा वर सरकत होत्या.

मला बुवांचा रागच आला. असं करतात का? पोराच्या हातात काटा? मी तसं बोललोसुद्धा. “बुवा, हे काय केलंत तुम्ही!” आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघराकडे धावलो. हळदीची वाटी घेतली, धुतलेल्या धोतराची पट्टी फाडली.

परत आलो तेव्हा बुवांनी काटा काढला होता. श्रीरंगचा हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि एकेक बोट चिमटीत धरून ते विचारत होते.

“हे?”

“नाही.”

“हे?”

“नाही, बुवा.”

“अंगठा?”

“थोडं... थोडं कळतंय.”

“हात वाचंल,” बुवा म्हणाले. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “अजून वाचंल. ऐकतोस का, लेका? वर्षभर पखवाजाला शिवायचं नाही. इथं माझ्यापाशी राहायचं. मी बोलतो, तू ऐकायचं. जमंल?”

श्रीरंग रडायला लागला. लहान मुलासारखा, खांदे गदगदवून. “जमेल,” म्हणाला. “जमेल, बुवा. राहतो मी.” आणि त्याने बुवांच्या पायांवर डोकं टेकलं.

माझे डोळे भरून आले. मनात म्हटलं, सुटला पोरगा. बुवांवरचा राग कुठल्या कुठे गेला.

मी खाली बसलो. वाटीतल्या हळदीत दोन थेंब पाणी घातलं.

श्रीरंगने डोकं वर उचललं, बाहीने नाक पुसलं. आणि पुसता पुसता त्याची नजर फोनकडे गेली.

नजर गेली, आणि तिथेच राहिली.

“बुवा...”

“काय, लेका?”

“लोक वाढताहेत.”

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

“बघा ना. एवढे कधीच नव्हते.” त्याच्या गालांवर पाणी तसंच होतं आणि डोळे चमकत होते. “पखवाज वाजवून कधीच एवढे... बुवा, बघा, अजून येताहेत!”

त्याने डावा हात लांब केला. स्टँड थोडा खाली वाकवला. बुवांच्या मांडीवरचा तो रक्ताने माखलेला उजवा हात नीट दिसावा, म्हणून.

हे त्याने माझ्या डोळ्यांसमोर केलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता.

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. मी बुवांकडे पाहिलं.

बुवा आधी श्रीरंगकडे बघत होते. मग त्यांनी त्या फोनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग शिष्याचा हात त्यांनी आपल्या मांडीवरून उचलला आणि अलगद परातीत, त्या लाल कणकेवर ठेवून दिला.

मी हळदीचं बोट पुढे केलं. बुवांनी माझं मनगट धरलं.

“हळद नको लावू, अंबादास... रक्त थांबलं, तर त्याचे लोक उठून जातील.”