मुंगीचा कोपरा आणि रेणूची सायकल

कान इकडे, डोळे इकडे. एका मुंगीची गोष्ट ऐका.

एक होतं घर. घरात होती रेणू. रेणूची होती आई. आणि घराच्या कोपऱ्यात होती एक मुंगी. एवढीश्शी. मोहरीहून लहान.

रेणूच्या आईचा एक नेम होता. रोज सकाळी पूजा करायची. देवाला दूध-साखर ठेवायची. मग कोपऱ्यात चिमूटभर साखर टाकायची. भुरभुर, भुरभुर.

"घे गं मुंगीबाई, हा तुझा वाटा."

आणि मगच आई चहा प्यायची.

पण आज घरात नुसती गडबड! शाळा उघडणार होती. रेणू मोठ्या शाळेत जाणार होती. नवं कोरं दप्तर आलं होतं. ते ठेवायला घरात जागाच नव्हती!

आईने पदर खोचला. हे काढलं, खडखड. ते काढलं, धाडधाड. आणि मुंगीची चिमूट? ती राहूनच गेली.

देवाच्या वाटीतून एक दाणा मात्र घरंगळला होता. एकच दाणा. पांढराशुभ्र. मुंगीने तो ओढत ओढत कोपऱ्यात आणला. बिळात तिची पिल्लं वाट बघत होती.

इतक्यात आईने जुनं दप्तर उचललं. ठेवलं कुठे? नेमकं त्या कोपऱ्यात. धप्प!

मुंगी सुटली. दाणा अडकला.

मुंगीने वर बघितलं. अबब! केवढं हे दप्तर!

"दप्तरा दप्तरा, ऊठ ना!
दाणा निघेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

दप्तर म्हणालं, "मी कसं उठू? माझ्या डोक्यावर गाठोडं बसलंय. गाठोडं जाईल, तर मी उठेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. चढली वर.

अबब! केवढं हे गाठोडं! रेणूचे सगळे जुने कपडे त्यात. आखूड झालेले, घट्ट झालेले. झबली, टोपडी, चिमुकले मोजे.

"गाठोड्या गाठोड्या, जा ना!
दप्तर उठेना,
दाणा निघेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

गाठोडं म्हणालं, "मी कसं जाऊ? दार अर्धंच उघडतं. माझं पोट बघ केवढं! दार उघडेल, तर मी जाईन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अबब! केवढं हे दार! वरचं टोक दिसतच नाही!

"दारा दारा, उघड ना!
गाठोडं जाईना,
दप्तर उठेना,
दाणा निघेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

दार म्हणालं, "करर्र! मी कसं उघडू? माझ्यामागे सायकल अडकलीय. सायकल सरकेल, तर मी उघडेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली दारामागे.

अबब! केवढी ही सायकल! तीन चाकं. लाल लाल सीट. आणि चकचकीत घंटी. घंटीत मुंगीला दुसरी मुंगी दिसली!

"सायकलबाई सायकलबाई, सरक ना!
दार उघडेना,
गाठोडं जाईना,
दप्तर उठेना,
दाणा निघेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

सायकल म्हणाली, "कुईं! मी कशी सरकू? रेणू माझ्यावर बसलीय. उठायचं नाव नाही. रेणू मला देईल, तर मी सरकेन."

मुंगीने वर बघितलं. खरंच की! रेणू सायकलवर बसली होती. हँडल घट्ट धरलं होतं. गाल फुगले होते.

आई म्हणत होती, "रेणूबाई, गुडघे बघा कुठे पोचले! पार हनुवटीला लागलेत!"

"लागू देत!"

"मोठ्या शाळेतल्या मुली तीनचाकी चालवतात का? देऊन टाकू भंगारात!"

"मी चालवणार!"

"बरं बाई," आई हसली. "तुझी सायकल, तुझं मन. मी नाही ओढून घेणार." आणि आई आत गेली, डबे आवरायला.

मुंगी चढली. चाकावरून सीटवर. सीटवरून रेणूच्या गुडघ्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

अबब! केवढी ही रेणू! आणि रेणूच्या डोळ्यांत केवढं हे पाणी!

"रेणूताई रेणूताई, दे ना!
सायकल सरकेना,
दार उघडेना,
गाठोडं जाईना,
दप्तर उठेना,
दाणा निघेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

रेणूने मुंगीला झटकलं नाही. अलगद बोटावर घेतलं. हळूच म्हणाली, "मुंगी गं, ही माझी पहिली सायकल. भंगारात कशी देऊ? ती तिथे एकटी रडेल. हिला बघून कुणी हसत हसत आलं ना, तर मी देईन."

हसत हसत कोण येणार?

मुंगी खाली उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली उंबऱ्यापाशी. उंबऱ्याच्या पलीकडे काहीतरी हलत होतं. गोल गोल. गुळगुळीत. चकचकीत.

ते होतं एक टक्कल!

तो होता शेजारचा तात्या. तात्या म्हणजे म्हातारा नाही हं! तात्या म्हणजे बाळ. नुकतंच रांगायला लागलेलं. डोक्यावर एकही केस नाही, म्हणून सगळे त्याला तात्या म्हणायचे.

"तात्या तात्या, ये ना!
रेणू देईना,
सायकल सरकेना,
दार उघडेना,
गाठोडं जाईना,
दप्तर उठेना,
दाणा निघेना.
पिल्लं भुकेली, मी काय करू?"

तात्या म्हणाला, "मी कसा येऊ? उंबरा बघ केवढा! मी रोज पडतो. आधी तू चढ. तू चढशील, तर मी येईन."

मुंगीने मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

मुंगीने पुढे बघितलं. पुढे उंबरा. डोंगराएवढा.

आता कुणाला सांगायचं? कुणालाच नाही.

मुंगीने हात जोडले. मुंगीचे हात ते केवढे! पण जोडले. "देवा, एवढं चढू दे."

आणि मुंगी चढायला लागली.

एक पाऊल. दुसरं पाऊल. घसरली, सर्रर्र! पुन्हा चढली.

वर आईने सकाळी रांगोळी काढली होती. मुंगीला ती दिसली पांढऱ्या पांढऱ्या रस्त्यासारखी. वाटेत लागलं हळदीचं बोट. मुंगीला हळद नको. घातला वळसा! पुढे लागलं कुंकू. लाल लाल टेकडी! तिलाही वळसा.

आणि मुंगी पोचली उंबऱ्याच्या माथ्यावर.

तिने वर बघितलं. वर दार नव्हतं. छत नव्हतं. वर होतं आभाळ.

अबब! केवढं हे आभाळ!

वारा आला, तिच्या मिशा हलल्या.

"मी चढले रे तात्या!"

तात्याने डोळे मोठ्ठे केले. एवढीशी मुंगी चढली! मग तात्याने एक हात टाकला. मग दुसरा हात. मग एक गुडघा. मग... ढुप्प! तात्या घरात!

समोर लाल लाल सायकल.

"अब्बब्बब!" तात्या म्हणाला. टाळ्या वाजवल्या. आणि हसला. इतका हसला, इतका हसला, की त्याचे दोन्ही दात दिसले!

रेणू बघतच राहिली.

ती हळूच उठली. शेवटची घंटी वाजवली. ट्रिंग! मग तात्याला उचलून लाल सीटवर बसवलं.

"घे रे तात्या. सांभाळ हं हिला. मागचं चाक कुरकुरतं, त्याला तेल घालायचं. आणि मला अधूनमधून घंटी वाजवू द्यायची!"

मग काय झालं?

मुंगी चढली,
तात्या आला,
रेणूने दिली,
सायकल सरकली, कुईं कुईं!
दार उघडलं, करर्र!
आईने गाठोडं उचललं. गाठोडं गेलं, मागच्या गल्लीतल्या छोट्या बाळांकडे.
दप्तर उठलं, हुश्श!
आणि दाणा निघाला!

पांढराशुभ्र. तिथेच होता.

आईने दाणा बघितला. दाण्याकडे धावणारी मुंगी बघितली. आईने कपाळाला हात लावला.

"अगं बाई! सगळं घर आवरलं, आणि तुझाच कोपरा अडवला की गं मी! चहासुद्धा पिऊन बसले!"

आई डबा घेऊन आली. चिमूट भरली. आज चांगली मोठी चिमूट.

भुरभुर, भुरभुर.

मुंगीने वर बघितलं. जणू आभाळातून साखर पडत होती! पडली, पडली, डोंगर झाला.

अबब! केवढा हा डोंगर! पांढरा! गोड!

बिळातून पिल्लं आली. एकामागे एक. तुरुतुरु, तुरुतुरु.

रेणू जमिनीवर पालथी झोपून बघत होती. तात्या सायकलवरून वाकून बघत होता. आई पण खाली बसली, हातात डबा तसाच. एवढंसं तोंड, आणि तोंडात एवढा मोठा दाणा! कसा उचलते? कोण देतं हिला एवढं बळ?

"अबब," रेणू अगदी हळू म्हणाली.

मग आईने नव्या दप्तराला हळद-कुंकू लावलं. रेणूने ते उचललं. मोकळ्या जागेत ठेवलं. पण कोपऱ्यात नाही. कोपऱ्यापासून चार बोटं अलीकडे.

"आई, तो मुंगीचा आहे."

आणि बाहेरून आवाज आला. ट्रिंग, ट्रिंग!

मुंगीला तिचा वाटा मिळाला, तात्याला सायकल मिळाली, रेणूच्या दप्तराला जागा मिळाली. तसं ज्याचं त्याला मिळो, तुम्हांला मिळो, आम्हांला मिळो. आणि पायाखाली बघून चाला हं बाळांनो, खाली कुणीतरी डोंगर चढत असेल.