गुणवंताचा चुन्याचा गोल

खडकेवाडीत गुणवंत नावाचा एक माणूस होता. नाव गुणवंत, पण भोळेपणा सोडला तर दुसरा गुण नाही. त्याला कंटाळून बायको वैजयंता माहेरी निघून गेली. सासरे म्हणाले, "जावईबापू, एक काम धड करून दाखवा, मग न्या लेकीला. आमची डाळिंबाची बाग फवारून द्या."

गुणवंताने फवारणीचं ड्रोन आणलं. जागच्या जागी सरळ वर उठणारं. ते शिकवायला कंपनीच्या रेवती मॅडम आल्या. "यात संगणक आहे. वारा किती, टाकीत औषध किती, हे ओळखून तो स्वतःच पंख्यांचा वेग जुळवून घेतो. चुकला तर शिकतो. तुम्हीही शिका."

"शिकतो की!" गुणवंत म्हणाला, आणि पहिल्याच खेपेला ड्रोन धाडकन आपटलं.

"अहो, जमिनीजवळ हळू!"

"बरं."

मग ते उठवायचं होतं. जमीन जवळच होती. गुणवंताने ते इतकं हळू उठवलं, की सासूबाईंची सगळी मेथी भादरून निघाली.

"अहो, उठताना जोर लावायचा!"

"बरं."

पुढच्या खेपेला ड्रोन मांडवाच्या मेढीला दोरीने बांधलेलं होतं. गुणवंताने जोर लावला. मांडव दोडक्यांसकट खाली आला.

"अहो, आधी दोरी सोडायची!"

"बरं."

नंतर दोरीच नव्हती. गुणवंताने शोधशोध शोधली. सासऱ्यांच्या खोंडाच्या गळ्यात सापडली. सोडली. खोंड थेट डाळिंबात.

मॅडमनी कपाळाला हात लावला. चुन्याचा गोल आखून ड्रोन त्यात ठेवलं. "आता बटण दाबा आणि हात मागे बांधा. काम झालं की ते आपोआप परत येतं. जिथून उठतं तिथंच उतरतं. मध्ये लुडबुड नको."

गुणवंत हात बांधून उभा राहिला. वारा सुटला. ड्रोन झुकलं, सावरलं. टाकी हलकी होत गेली तरी डगमगलं नाही. झाडन् झाड फवारून अलगद गोलात उतरलं. सासऱ्यांचे डोळे भरून आले. "न्या लेकीला!"

वैजयंता ट्रंक घेऊन दारात आली, तर नवरा गायब.

तो घरी पोहोचला होता. अंगणात ज्या जागेवरून ती माहेरी गेली, तिथं त्याने चुन्याचा गोल काढला आणि हात मागे बांधून आभाळाकडे बघत उभा राहिला.

दिवस कलताना वैजयंता पायी आली. अंगणात ट्रंक आदळून म्हणाली, "मला न्यायला आला होतात ना?"

गुणवंताने खाली बघितलं. "अगं, गोलाच्या बाहेर उतरलीस! पुन्हा जा आणि नीट ये. जमिनीजवळ हळू."

वैजयंताने ट्रंक उचलली आणि आल्या पावली माहेर गाठलं. जाताना जोर मात्र चांगला लावला.

गुणवंत शेजाऱ्याला म्हणाला, "पहिलीच खेप आहे. शिकेल."