हैबती, उंदीर आणि मिठाची हाव

एका गावात एक भोळा गडी होता, हैबती. गावच्या कॉलेजात तो प्रयोगाचे उंदीर सांभाळायचा. खांबेटे सर उंदरांना गुंगीचं औषध देत आणि मग त्यांना मिठाची हाव किती सुटते ते बघत. गावातल्या माणसांना काय हवं ते कुणी विचारत नसे, पण उंदरांच्या आवडीनिवडीची कसून चौकशी चाले. अनुदान समिती यायची होती. ती खूश झाली तर ठीक, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप आणि हैबती घरी.

सर म्हणाले, "हैबती, दोन बाटल्या लावायच्या. एक साध्या पाण्याची, एक खाऱ्या. कोण काय पितो ते गुपचूप बघायचं."

"बरं सर."

दुपारी प्राचार्य आले. पाणी मागितलं. हैबतीनं समोर दोन पेले ठेवले आणि कपाटाआड उभा राहिला. प्राचार्यांनी नेमका खारा उचलला आणि मोरीकडे धाव घेतली.

"अरे शहाण्या," सर ओरडले, "पाणी देताना विचारावं, काय चालेल म्हणून!"

"बरं सर."

सकाळी हैबती प्रत्येक पिंजऱ्यापुढे उकिडवा बसला. "साधं चालेल की खारं?"

उंदरांनी नुसत्या मिशा हलवल्या. कुणी काही मागितलं नाही, म्हणून हैबतीनं कुणाला काही दिलं नाही. संध्याकाळी उंदीर पिंजऱ्याचे गज चाटत होते.

सरांनी कपाळाला हात लावला. "विचारायचं नाही रे बाबा! निम्म्यांच्या पाण्यात औषध, निम्म्यांच्या नाही. मग फरक बघायचा. नाही दिसला तर तसं तोंडावर सांगायचं. प्रयोगात लपवाछपवी चालत नाही."

"बरं सर."

समिती आली. सर म्हणाले, "साहेबांना लिंबाचं सरबत दे."

या खेपेला चुकायचं नाही, असं हैबतीनं ठरवलं. निम्म्या पेल्यांत औषध घातलं, निम्म्यांत नाही, आणि कोपऱ्यात उभा राहिला. सरांचं भाषण सुरू झालं. एका साहेबांची मान कलली. मग शेजारच्यांची. मग सगळ्यांचीच. मधेच कुणी डोळे किलकिले करून म्हणे, "सरबत झकास. मीठ जरा वाढव." लगेच दुसरे म्हणत, "मलाही." हैबती एकेकाच्या तोंडाशी वाकून बघत होता.

भाषण थांबलं तसे अध्यक्ष दचकून जागे झाले. "वा! फार मोलाचं काम. कुठं सही करायची?"

सरांनी लगबगीनं पेन पुढं केलं.

"थांबा साहेब!" हैबती मधे पडला. "सही करू नका. प्रयोग फसला."

"फसला? तो कसा?"

"निम्म्या साहेबांना गुंगीचं औषध दिलं, निम्म्यांना नाही. मघापासून बघतोय, फरक काहीच दिसत नाही."