प्रांशुबाहूचा हात

पूर्वी कृतयुग सरत आले होते, तेव्हाची ही कथा. पृथ्वीवर अद्याप कोणतेही मान स्थिर झालेले नव्हते. जो तो आपल्या देहाने जगाला मोजी. उंच पुरुषाचा हात लांब, ठेंगण्याचा आखूड. परंतु लोभ थोडा होता, म्हणून या उणे-अधिकाने कोणाचे अडत नसे. त्या काळी वेत्रधारा नावाच्या पुण्यसलिला नदीच्या तीरी ऋतंभर मुनींचा आश्रम होता. तेथे हरिणे दर्भांकुर चरत, होमधूमाने वृक्षांचे शेंडे सावळे दिसत, आणि सामगान ऐकता ऐकता गाईंना रवंथ करण्याचाही विसर पडे. मुनींची एकुलती एक कन्या संमिता. यज्ञवेदीची आखणी तिच्याच हातची. दोरी ताणावी, खुंट्या ठोकाव्यात, चारही कोन पुन्हा पुन्हा पडताळावेत आणि केसाएवढे जरी अंतर चुकले, तरी सारी वेदी मोडून पुन्हा मांडावी, असा तिचा स्वभाव होता.

या आश्रमाच्या सभोवार असुरराज प्रांशुबाहूचे राज्य पसरले होते. त्याने घोर तप करून ब्रह्मदेवाकडून वर मिळवला होता, की इच्छा होईल तेव्हा आपला देह वाढावा आणि इच्छा होईल तेव्हा आक्रसावा. देव आणि असुर यांच्यात बारा वर्षे युद्ध होऊन दोन्ही पक्ष थकले, तेव्हा तह झाला. आश्रमाच्या होमकुंडापासून चारही दिशांना एक एक योजन भूमी ऋषींची, त्यापलीकडची असुरांची. बत्तीस सहस्र हातांचे योजन, हे सर्वांना मान्य होते. हात कोणाचा, एवढाच प्रश्न उरला.

प्रांशुबाहू विनयाने म्हणाला, "मुनिवर, भूमी राजाची, तेव्हा हातही राजाचाच असावा."

त्याचा तो शालवृक्षाच्या फांदीसारखा बाहू सामान्य पुरुषाच्या हाताच्या दुप्पट होता. एका योजनाच्या नावाखाली दोन योजने भूमी पदरात पडत आहे, हे पाहून ऋषिगण मनातल्या मनात संतोषला. ऋतंभरांनी अग्नीला साक्षी ठेवून तहाचे उदक सोडले.

तीन वर्षे सुखाने गेली. चौथ्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला असुरराज सैन्यासह सीमेवर आला आणि म्हणाला, "भूमी पुन्हा मोजायची आहे." त्याने हात पुढे केला, तो सामान्य पुरुषाच्या हाताएवढाच होता! पाचव्या वर्षी तो बालकाच्या हाताएवढा झाला. सीमेवरचे पलाशाचे खांब दर वर्षी आत सरकू लागले. दीड योजनावरचे आम्रवन गेले, मग समिधांचे अरण्य गेले. पुढे नदीचा उतार गेला आणि सातव्या वर्षी सीमा गोठ्यांच्या कुंपणाला येऊन टेकली. त्या दिवशी जाताना असुरराज हसून म्हणाला, "पुढच्या वैशाखीस माझा हात खसखशीच्या कणाहूनही लहान असेल. मग तुम्हाला होमकुंडाभोवती प्रदक्षिणा घालायलाही जागा उरणार नाही!"

आश्रमात हाहाकार उडाला. वृद्ध तृणाशन मुनी क्रोधाने उठले. "ऋतंभरा, हाती उदक घे आणि त्या अधमाला शाप दे!"

"कशाच्या बळावर देऊ?" ऋतंभर खिन्नपणे म्हणाले. "त्याने वचन मोडलेले नाही. हात त्याचा, हे मीच अग्नीसमोर मान्य केले. त्या दिवशी तो हात लांब होता, म्हणून मी गप्प बसलो. माझ्या शापाला आता सत्याचे बळ नाही."

पित्याचे हे शब्द संमितेच्या काळजात रुतले. ती उठली आणि एकटीच असुरांच्या राजसभेत गेली. सुवर्णस्तंभांची ती सभा आयुधांच्या तेजाने झळकत होती. द्वारपालांनी भाले आडवे धरले, तेव्हा ते हाताने बाजूला सारून ती सिंहासनासमोर उभी राहिली.

"राजन्," ती म्हणाली, "तुझा हात किती अंगुळांचा?"

"चोवीस."

"आणि अंगुळ केवढे?"

"माझ्या बोटाएवढे. हे विचारायला येथवर आलीस?"

"जे बोट तुझ्या इच्छेने लहान-मोठे होते, ते अंगुळ नव्हे. तुला आक्रसता येणार नाही असे अंगुळाचे मान मी आणले, तर ते मानशील?"

सभा हास्याने दुमदुमली. प्रांशुबाहूने सिंहासनाच्या बाहूवर थाप मारली. "मानेन! घे, उदक सोडतो. पुढच्या वैशाखीपर्यंत तुला मुदत. न आणलेस, तर होमकुंड विझवून तुम्ही सारे चालते व्हा."

संमितेने आश्रमाच्या शेतातले जव निवडले. आठ जव कुशीला कूस लावून मांडले, की एक अंगुळ भरते, हे तिने शंभरदा पडताळले आणि महिन्याभरातच ती पुन्हा सभेत गेली. असुरराजाने ते दाणे न्याहाळले आणि कोठारातून मूठभर जव मागवले. खडकाळ माळावरचे ते जव तिळाएवढे खुरटे होते.

"हेही जवच ना, मुनिकन्ये? तुझे आठ खरे आणि माझे आठ खोटे, हे कोणी ठरवले?"

सेनापती काकोल खदखदून हसला. परंतु संमितेने ते खुरटे जव मागून घेतले, पदराच्या गाठीत बांधले आणि ती परतली.

वाटेत तिने विचार केला, 'जव जर मातीप्रमाणे बदलतो, तर जवाचेही माप त्याहून लहान वस्तूने घेतले पाहिजे. आणि त्या वस्तूचे तिच्याहून लहान वस्तूने. हे कोठवर जाईल? जेथे डोळा संपतो तेथवर. मग तेथूनच आरंभ करीन.'

यज्ञशाळेच्या पूर्वेकडील भिंतीला एक जाळी होती. सकाळी तिच्या छिद्रातून सूर्याचा एकच किरण आत येई आणि त्यात धूलीचे अतिसूक्ष्म कण तरंगत. संमिता त्या किरणासमोर आसन घालून बसली. तिने अन्न सोडले, मग फळे सोडली, मग वेत्रधारेच्या ओंजळभर जलावर ती राहू लागली. किरण भिंतीवर सरकेल तसे तिने आसन सरकवावे, एका कणावर दृष्टी स्थिर करावी आणि तो निसटला की पुन्हा दुसऱ्यावर आरंभ करावा. ग्रीष्म गेला. वर्षाऋतूत मेघांनी आकाश झाकले, तरीही ती आसनावरून उठली नाही. तिचे केस जटा झाले, जटांत उवा झाल्या. तृणाशन मुनी दाराशी येऊन म्हणाले, "वत्से, धूळ मोजून कोणी राज्य परत मिळवले आहे का? ऊठ, सामान बांधायला हात लाव." तिने मान हलवली; किरणावरची दृष्टी मात्र हलू दिली नाही.

माघ मासात एके दिवशी प्रातःकाळी तो किरण असह्य तेजाने उजळला आणि त्यात सहस्ररश्मी भगवान सूर्यनारायण प्रकट झाले.

"कन्ये, मी प्रसन्न आहे. सांग, त्या असुराला भस्म करू?"

संमितेने साष्टांग प्रणिपात केला. क्षणभर तिचे मन त्या शब्दाकडे धावले. गोठ्यांच्या कुंपणाला टेकलेले खांब तिला दिसले. परंतु ती म्हणाली, "नको, देवा. हा भस्म होईल, उद्या दुसरा लांब हाताचा येईल, आणि कदाचित तो आमच्यातलाच असेल. मला एवढेच द्या, की हा कण माझ्या कुटीत आणि त्याच्या सभेत, या युगात आणि पुढच्या युगात, सारखाच राहावा."

सूर्यदेव म्हणाले, "तथास्तु! याहूनही सूक्ष्म असा परमाणू आहे, पण तो केवळ ब्रह्मदेवाला दिसतो. मानवाचे मोजणे या कणापासून सुरू होईल. याचे नाव त्रसरेणू. कोणाच्याही मायेने हा घटणार नाही, वाढणार नाही; आणि जे कोणी याच्या मानाला येऊन पोहोचेल, तेही पुन्हा वाढू शकणार नाही. आता येथून आठाआठांनी वर चढ. लागेल ते सारे तुझ्याजवळच आहे."

संमिता चढू लागली. आठ त्रसरेणूंबरोबर भरला तो रथाच्या चाकांनी उडवलेला धूलिकण, रथरेणू; तो असुरांच्या रथमार्गावर मिळाला. आठ रथरेणूंबरोबर भरले केसाचे टोक. ते तिच्या मस्तकावरच होते. त्याच्या आठपट काय असेल, म्हणून तिने आश्रमातली बीजे, परागकण, वाळूचे खडे सारे लावून पाहिले, काहीच जुळेना. शेवटी जटा विंचरताना फणीत एक लीख आली, ती नेमकी जुळली. आठ लिखांबरोबर भरली एक ऊ.

"शिव शिव!" तृणाशन मुनी ओरडले. "यज्ञवेदीच्या मापात लीख आणि ऊ? देव हविर्भाग तरी स्वीकारतील का?"

"तात," ती म्हणाली, "तुम्ही सारे सामान बांधत होता, तेव्हा माझ्या तपात एवढ्यांनीच सोबत केली. यांना मी गाळणार नाही."

ऋतंभर कित्येक मासांनी हसले आणि कमळाचे पान घेऊन ती ऊ त्यांनी स्वतः उचलून धरली. आठ उवांएवढा जाड असेल तोच जव खरा, मग तो कोणत्याही मातीतला असो. अशा आठ जवांचे एक अंगुळ. चोवीस अंगुळांवर खुणा करून संमितेने खदिर काष्ठाची हस्तयष्टी, म्हणजे हातभर मापाची काठी, सिद्ध केली.

वैशाखी पौर्णिमेच्या दिवशी भर सकाळी ती ऋषिगणासह राजसभेत गेली. गवाक्षातून सूर्यकिरण सिंहासनापुढे पडला होता. प्रांशुबाहूने आपला हात बोटभर करून दाखवला.

"मोज, मुनिकन्ये!"

तिने शेजारी यष्टी ठेवली. "राजन्, तुझा हात आज एक अंगुळ आहे. उद्या अर्धा होईल. ही यष्टी मात्र आजही चोवीस आणि उद्याही चोवीस."

"ही कोणाच्या जवाची?" त्याने उपहासाने विचारले.

संमितेने पदराची गाठ सोडून ते खुरटे जव बाहेर काढले. "तुझेच हे जव मी उवेने मोजले. आठ उवा न भरणारा दाणा आता या मापात नाही. ऊ लिखेने मोजली, लीख केसाच्या टोकाने, केस रथरेणूने आणि रथरेणू या किरणातल्या त्रसरेणूने. एका हातात असे बासष्ट लक्ष, एक्याण्णव सहस्र, चारशे छप्पन्न त्रसरेणू. यातला एक जरी तुला आक्रसता आला, तर आम्ही होमकुंड विझवतो."

असुरराजाने किरणावर दृष्टी रोखली आणि मायेचा प्रयोग केला. स्तंभ वाकले, दीप थेंबाएवढे झाले, सभासदांचे मुकुट त्यांच्या मस्तकांवर मोहरीएवढे झाले. किरणातले कण मात्र पूर्वीसारखेच तरंगत राहिले. त्याचे नेत्र लाल झाले. "दुरून वश होत नाही काय? मग मीच त्याच्याएवढा होतो आणि मुठीत धरून चिरडतो!"

"थांब, राजन्!" संमिता पुढे धावली. "केसाच्या टोकापर्यंत जा, त्याखाली उतरू नकोस! त्या मानाला पोहोचलेले पुन्हा वाढत नाही. हे सूर्याचे वचन आहे!"

"मला भय दाखवतेस?" तो गर्जला, आणि गर्जतानाच आक्रसू लागला. तो अंगठ्याएवढा झाला, जवाएवढा झाला. मग उवेएवढा, लिखेएवढा. अखेरीस केवळ किरणात काहीतरी चमकले. सभा वाट पाहत राहिली. घटका गेली, दुसरी गेली. सिंहासन रिकामे होते आणि किरणात असंख्य कण नाचत होते. त्यांतला प्रांशुबाहू कोणता, हे संमितेलाही सांगता येईना.

तिच्या डोळ्यांत पाणी आले. ऋषींनी जयघोष आरंभला, तो तिने हात उंचावून थांबवला.

सेनापती काकोल खड्ग टाकून पुढे आला. "आता मोजणार कोण? तुम्हीच ना? म्हणजे सारे तुमचेच."

"दोरीला दोन टोके असतात, सेनापते," ती म्हणाली. "एक तू धर."

होमकुंडापासून दोघांनी मापन आरंभिले. असुरांच्या भूमीतून खांब एक एक करत मागे सरले. गोठे सुटले, नदीचा उतार सुटला, समिधांचे अरण्य सुटले. बत्तीस सहस्र हात भरले आणि संमितेने खुंटी ठोकली. पुढे अर्ध्या योजनावर आम्रवन मोहरले होते.

"अगं, ते वन आपले होते!" तृणाशन कळवळून म्हणाले. "तहातच मिळाले होते!"

"ते लांब हाताने मिळाले होते, तात. या हातात ते बसत नाही."

वृद्ध मुनींनी ऋतंभरांकडे पाहिले. ऋतंभर वाकले, भूमीवरचा दगड त्यांनी उचलला आणि कन्येने रोवलेली ती खुंटी स्वतःच्या हाताने आणखी खोल ठोकली. काकोलने त्या खुंटीकडे पाहिले आणि हातातले दोरीचे टोक मस्तकाला लावले.

तेव्हापासून राजाच्या हाताने भूमी मोजण्याची रीत मोडली. राजे आले आणि गेले, पण आठ जवांचे अंगुळ आणि चोवीस अंगुळांचा हात हेच मान चालत राहिले. आणि वेदीची दोरी ताणण्यापूर्वी विद्वान ब्राह्मणही त्रसरेणूपासून मानांची नावे उच्चारताना लीख आणि ऊ यांना न लाजता मध्ये घेऊ लागले. असुरांच्या कुळात मात्र असे सांगतात, की गवाक्षातून येणाऱ्या किरणात हात घालून धूळ ढवळू नये. आपला राजा अजून तेथे आहे, आणि तो कोणाहूनही लहान नाही, मोठाही नाही.