कडी वाजल्यानंतरचं पान

“पण दाराबाहेर कोण असतं, तेवढं सांगा की बुवा.”

मठातले म्हातारे बुवा सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

भैरू कणसे मठाच्या पायरीवर बसला होता, मांडीवर पुस्तक घेऊन. यंदा कॉलेजनं टूम काढली होती, की अख्ख्या कसब्यानं मिळून एकच पुस्तक वाचायचं. वाण्याकडं एक प्रत, दवाखान्यात एक, मठातसुद्धा एक. आणि शेवटी कॉलेजच्या पटांगणात, सगळ्यांसमोर, एकेकानं एकेक पान मोठ्यानं वाचायचं. कोणाला कुठलं पान, त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

भैरू म्हणजे कॉलेजातला नंबरी वात्रट. सरांच्या खुर्चीला खाजकुइली लावणारा. भरदुपारी लोकांच्या दाराच्या कड्या वाजवून पसार होणारा. चिठ्ठी उचलताना छाती फुगवून म्हणाला होता, “कुठलंबी पान येऊ दे. आपण काय घाबरतो का?”

आलं ते नेमकं हे.

आधीच्या पानावर गोष्टीतली बाई चुलीपुढं बसलेली असते. नवरा परगावी गेलेला, काही खबर नाही. आणि शेवटच्या ओळीत दाराची कडी वाजते.

त्याच्या पुढचं पान भैरूचं. ते त्यानं अजून उलटलं नव्हतं. चुकून उलटू नये म्हणून तिथून पुढचं सगळं पुस्तक रबर लावून बांधून टाकलं होतं.

कारण त्याचा बाप टँकर घेऊन गुजरातेकडं गेला होता, आणि परवापासून फोन बंद लागत होता. आणि उद्या पटांगणात आई येऊन बसणार होती. पोरगा वाचणार म्हणून पुढंच बसणार होती.

“तुम्ही वाचलंय ना पुढचं?”

“वाचलंय.”

“मग?”

बुवांनी दुसरी सुपारी अडकित्त्यात धरली.

“वाईट आहे का काही? नुसती मान हलवा.”

बुवांची मान जागची हलली नाही.

“बरं, मग सरांना सांगून पान तरी बदलून द्या. तुमचं ऐकतील ते. पोराचा घसा बसलाय म्हणा.”

“घसा तर कावळ्यासारखा चालतोय तुझा.”

“चेष्टा नको बुवा. माझ्या तोंडून काही वाईट निघालं, आईनं ऐकलं, आणि... तसंच झालं म्हणजे?”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“मठाची कडी दुपारची कोण वाजवतो रे?”

भैरू पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला.

“मीच.”

“लपतोस कुठं?”

“चिंचेमागं.”

“मग दिसत असेल सगळं.”

“दिसतं की. तुम्ही गुडघे धरून उठता. पाण्याचा तांब्या घेऊन दार उघडता. रिकामी गल्ली बघता, आणि परत आत.” त्याला तेवढ्यातही हसू फुटलं. “मला वाटायचं, माझ्या अंगावर ओतायला आणताय. मीच असतो, ठाऊक असतं ना तुम्हाला? मग उठता कशाला?”

“कडी वाजते.”

“आणि एखाद दिवशी भलताच कोणी निघाला तर? भीती नाही वाटत?”

“वाटते की.”

भैरूचं हसू विरलं. दार उघडताना बुवांच्या हातातला तांब्या डचमळायचा, पाणी उंबऱ्यावर सांडायचं, ते त्यानं चिंचेमागून किती वेळा पाहिलं होतं. म्हातारा लटपटतो म्हणून खिदळला होता.

बुवांनी हात लांब केला आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोटाच्या पेरानं वाजवलं.

ठक ठक.

भैरू असा दचकला, की पुस्तक मांडीवरून घसरलं. झेलता झेलता रबर तटकन तुटलं. पानं फडफडायला लागली. त्यानं दोन्ही तळवे टाकून पुस्तक दाबून धरलं, आतून कोणी बाहेर येईल असं.

“बुवा... कोण आहे?”

बुवांनी कोनाड्यातला तांब्या काढला आणि त्याच्यापुढं सरकवला. भैरूनं आत डोकावलं. तांब्या कोरडा होता.

“रांजण मागल्या अंगणात आहे,” बुवा म्हणाले. “दारात कोणी का असेना, त्याला पाणी विचारावं लागतं. आधी भरून आण. मग पान उलट.”