सरकारांच्या नकाशातला गोल

करंजगडच्या सरकारांनी स्वतःच्या हाताने काढलेल्या मोटारीच्या नकाशात मधोमध एक गोल होता, आणि तो गोल म्हणजे चहाच्या कपाचा डाग आहे हे सरकार सोडून सगळ्या संस्थानाला दिसत होतं!

मोटारही साधीसुधी नव्हे. श्रीमंत हैबतराव सरकारांना रस्त्यावरून चालणाऱ्या मोटारींचा वीट आला होता. "रस्त्यावरून काय, म्हैसही जाते! आमची गाडी थेट गड चढेल!" असं म्हणून त्यांनी तीन मोडक्या मोटारी, एक लॉरी आणि आजोबांची बग्गी पागेत आणली, त्यांची हाडं एकत्र केली आणि नाव ठेवलं 'गडचढी'. आता एकीचं चाक दुसरीच्या आसाला थोडंच बसतंय! जिथे काही जुळेना तिथे सटवाजी लोहार नवा भाग ठोकून घडवायचा. आस त्याने ओढला, स्प्रिंगांचे पाटे त्याने वाकवले, बग्गीची गादी लॉरीच्या सांगाड्यावर त्याने जखडली. सरकारांचं त्यात होतं फक्त एक बोट. "हे इथं! ते तिथं!"

सगळं बसलं. उरला तो गोल.

"सरकार, हा भाग कशाचा?" दिवाण टिपणीसांनी विचारलं.

सरकारांना आठवेना. पण सरकारांना आठवत नाही, असं भर दरबारात कसं चालेल? ते म्हणाले, "हा गाडीचा आत्मा!"

"वाहवा! मला वाटलंच होतं!" दिवाण म्हणाले.

राजज्योतिषी पुढे सरसावले. "एका बाजूला जरा पुसट आहे बघा. आत्म्याला येण्याजाण्याची वाट ठेवलीय सरकारांनी!"

सटवाजीने मात्र कागद उचलला, नाकाला लावला आणि म्हणाला, "सरकार, ह्याला आल्याचा वास येतोय. चहाचा डाग हाय हा."



"आमच्या नकाशात डाग?" सरकार गरजले. "टाका ह्याला कोठडीत! ऐरण जप्त करा! हा गोल ह्याच मापाचा गाडीवर बसला पाहिजे. बसला की गाडीने गड चढला पाहिजे, काढला की गाडी अडली पाहिजे! तसं झालं तरच हा सुटेल. नाहीतर सडू दे!"

"आणि घडवणार कोण?" ज्योतिषीबुवा पुटपुटले.

"मी!" दारातून आवाज आला. सटवाजीची लेक सुंद्रा हाताची काजळी पदराला पुसत उभी होती.

"तू? घण पेलेल का तुला?" दिवाण हसले.

"दिवाणसाहेब, तुम्हाला संस्थान पेलतंय, मग मला घण पेलायला काय झालं!"

सरकारांच्या मिशा किंचित हलल्या. "बोल, काय हवं तुला?"

"एक दिवस ऐरण, आणि एकदा गाडी गडावर चढताना बघायचीय."

सरकारांनी लगेच गाडी काढली. सुंद्राला मागे बसवलं, तिच्या शेजारी किटली घेऊन दिवाण. किटली कशाला? सरकार चहाशिवाय पाऊल टाकत नसत, मग गड कसा चढतील! उजव्या हातात चाक, डाव्या हातात कप. दोन वळणं गाडी झोकात गेली. तिसऱ्या वळणावर चढ अंगावर आला. इंजिन धापा टाकू लागलं. गिअर बदलायला हवा होता, पण डाव्या हातात कप! गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली.

"आत्मा नाही ना!" दिवाण हळहळले.

सुंद्राने कपाच्या बुडाकडे पाहिलं, सरकारांनी पुढ्यात ठेवलेल्या नकाशातल्या गोलाकडे पाहिलं, आणि बोटांनी त्याचं माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी गडाच्या पायथ्याशी सगळं गाव लोटलं. सुंद्राने सरकारांच्या हातातल्या चाकाशेजारी एक लोखंडी कडी बसवली होती. नकाशातल्या गोलाच्या मापाची, दोन खिळ्यांवर झुलणारी, आणि खाली जड गोळा टांगलेला. गाडी कशीही कलंडो, कडी आपली सरळ!

"आणि हे करतं काय?" सरकारांनी विचारलं.

"चहा त्यात ठेवा, सरकार. आत्मा थंड होऊ देऊ नका!"

कपाचं बूड कडीत अलगद बसलं. गाडी निघाली. तिसरं वळण आलं, सरकारांचा मोकळा डावा हात गिअरवर पडला, आणि गडचढी डरकाळी फोडत थेट गडाच्या दरवाजात! चहाचा एक थेंब सांडला नाही!

"आता हा काढून दाखव!" सरकार गड उतरता उतरता म्हणाले.

सुंद्राने पायथ्याशी कडी काढून पदरात घेतली. तिला आणि दिवाणांना मागे बसवून सरकार हातात कप धरून पुन्हा निघाले. तिसऱ्या वळणावर गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली.

सरकारांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग सुंद्राच्या पदरातल्या कडीकडे. मग खिशातला नकाशा काढून कप हळूच त्या गोलावर टेकवला. बरोब्बर बसला!

"पोरी," ते दबक्या आवाजात म्हणाले, "खरं सांग. हा डागच होता ना?"

दिवाणांनी कान टवकारले. 'हो' म्हणावं तर सरकारांच्या नकाशात डाग, म्हणजे बापाशेजारी लेकही कोठडीत! 'नाही' म्हणावं तर बाप खोटारडा, म्हणजे तो कायमचा आत!

सुंद्रा म्हणाली, "सरकार, कप ठेवला की ती त्याची जागा, उचलला की डाग! आबांनी कागद पाहिला तेव्हा तुमचा चहा पिऊन झाला होता, एवढंच त्यांचं चुकलं!"

सरकार इतके हसले की कप हातातून निसटला आणि सगळा चहा दिवाणांच्या पगडीवर! सटवाजी त्याच दुपारी सुटला, ऐरण घरी गेली, आणि गडचढीचे सगळे भाग घडवण्याचं काम बापलेकीला कायमचं मिळालं. वर सरकारांनी सोनाराला बोलावून सुंद्रासाठी सोन्याची दोन कडी करायला सांगितली.

"माप, सरकार?" सोनाराने विचारलं.

"तिच्या मनगटाचं घे रे! आमच्या नकाशाचं नको!"